गोपिकेची कमान

सरावाच्या मधल्या सुटीत सगळ्या मुली भिंतीला टेकून भिजवलेले हरभरे खात होत्या आणि गोपिका एकटी उभी होती. मूठभर हरभरे तोंडात टाकायची, या पायावरचा भार त्या पायावर घ्यायची, चार पावलं चालायची, परत यायची. यमुताईंनी आधी लक्ष दिलं नाही. ही पोरगी तशीही एका जागी ठरणारी नव्हती. पण तिच्याच शाळेतल्या उत्तरानं "बस ना वं, डोकं फिरून राहिलं माझं" म्हणत हात धरून तिला खाली ओढलं, तेव्हा गोपिकेनं डावा हात मागे नेऊन जमिनीवर टेकला आणि मग हळूच अंग खाली सोडलं. म्हाताऱ्या बाया बसतात तसं. मुलगी बारा वर्षांची होती.

सुटी संपल्याची शिट्टी यमुताईंनी जरा उशिराच वाजवली.

एक्याऐंशी सालचा एप्रिल होता. टिनाचं छत तापायच्या आत सराव संपला पाहिजे म्हणून नागपूरच्या महाल भागातल्या त्या व्यायामशाळेत मुली उजाडता उजाडता यायच्या. यमुताई दिवसा मुलींच्या शाळेत पीटी शिकवत आणि सकाळ-संध्याकाळ इथं जिम्नॅस्टिक्स. वय सत्तावीस. घरात लग्नाचा विषय निघाला की त्या सायकल काढत आणि व्यायामशाळेत येऊन गाद्या झटकत बसत. बाहेरगावच्या एका शिबिरात त्या हा खेळ शिकून आल्या होत्या आणि तिथली एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. हाड कोवळं आहे तोवर मुलीची पाठ सोडवून घ्यायची. नंतर काही केलं तरी ती सुटत नाही.

गोपिका त्यांना शाळेच्याच मैदानावर सापडली होती. काटोलच्या पलीकडच्या खेड्यातली मुलगी. गावातली शाळा चौथीपर्यंत, म्हणून बापानं तिला नागपुरात आत्याकडे ठेवलेलं. सातवीपर्यंत शिकवू, एवढंच ठरलं होतं. कवायतीच्या तासाला इतर मुलींना हसवायला म्हणून तिनं मागे वाकून हात जमिनीला टेकले आणि तशीच कोळ्यासारखी चालत गेली. यमुताईंनी त्याच संध्याकाळी तिला व्यायामशाळेत बोलावलं.

इतर मुलींच्या कमानीत खांदे, छाती, कंबर, सगळंच थोडंथोडं वाकायचं. गोपिका मात्र कमरेत एकाच जागी दुमडायची, तिथं बिजागरी बसवल्यासारखी. बघणारे वा म्हणायचे. यमुताईही म्हणायच्या. रोज सरावाच्या शेवटी त्या तिला पालथं झोपवत, कमरेवर गुडघा ठेवत आणि दोन्ही खांदे धरून मागे ओढत. मोठ्यानं अंक मोजत. कालच्यापेक्षा थोडं जास्त, रोज.

त्या दिवशी त्यांनी गुडघा ठेवला नाही.

"पाठ दुखते काय गं?"

"नाई ताई." उत्तर फार लवकर आलं.

"खरं सांग."

"खरंच नाई. आज ओढत नाई काहून तुमी?"

यमुताई त्या संध्याकाळी सक्करदऱ्याला गोपिकेच्या आत्याकडे गेल्या. प्रयागबाई गच्चीवर वाळलेल्या मूगवड्या गोळा करत होत्या. ताईंना पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि टोपलं बाजूला ठेवलं.

"दुखते नाही त काय!" त्या म्हणाल्या. "माझ्यापासून जवसाचं तेल लावून घेते अन् म्हणते, ताईले सांगू नको. सकाळी भिंत धरून उठते. मले वाटलं तुमाले मालूम असन."

"मला माहीत नव्हतं."

प्रयागबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मंग तुमीच तिचं वाकणं रोज पाहून राहिल्या ना?"

यमुताई जिना उतरल्या, सायकल हातात धरून कोपऱ्यापर्यंत चालत गेल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण सायकलवर बसलोच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वामनरावांना सांगितलं. वामनराव व्यायामशाळेचे सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. छत गळायला लागलं की स्वतः शिडी लावून वर चढायचा. या जागेवरून कबड्डीची पोरं बाहेर गेली होती, पण राज्याच्या संघात अजून कुणी बसलं नव्हतं. मे महिन्याच्या सुरुवातीला निवड चाचणी नागपुरातच होणार होती. निवडलेल्या मुलींना पुण्याच्या वसतिगृहात ठेवून पुढं शिकवणार होते. वामनरावांनी गोपिकेचं नाव कधीच मनात पक्कं करून टाकलं होतं.

"वाढतं वय आहे, दुखणारच," ते म्हणाले. तरी त्यांनी हयगय केली नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडे तिला स्वतः घेऊन गेले, पाठीचा एक्स-रे फोटो काढला आणि संध्याकाळी तो ट्यूबलाइटसमोर धरून यमुताईंना दाखवला. "साफ आहे. काही नाही. स्नायू आखडले म्हणाले. आता निवांत झोपा."

यमुताईंनी फोटो हातात घेऊन पाहिला. पांढऱ्या मण्यांची सरळ माळ. त्यांनाही वाटलं, झालं, सुटलो. घरी जाऊन त्या पोटभर जेवल्या. पण दुसऱ्या दिवशी सरावाला त्यांचे डोळे पुन्हा गोपिकेवरच गेले. पुढे वाकताना मुलगी हसत होती, नाक गुडघ्याला लावून उत्तराला जीभ दाखवत होती. मागे वाकताना मात्र तिचे ओठ पांढरे पडत. स्नायू आखडले असते तर पुढे वाकताना आधी दुखलं असतं. मागेच काहून दुखतं? हा एक प्रश्न त्यांच्या मागे लागला. वर्गात हजेरी घेताना, भाजी निवडताना, सायकल चालवताना तो सोडेना. वहिनींनी दोनदा विचारलं, "तुमचं लक्ष कुठं असतं हो?" तेव्हा त्या उठून अंगणात गेल्या आणि रिकाम्याच बादलीनं झाडांना पाणी घालायला लागल्या.

शेवटी त्या एकट्याच धंतोलीला गेल्या. डॉक्टर खानझोडे हाडांचे डॉक्टर होते. दुपारची वेळ, गारव्यासाठी लावलेल्या खसाच्या ताट्यावरून पाणी ठिबकत होतं. प्लास्टर घातलेल्या माणसांमध्ये यमुताईंना बसवेना, म्हणून त्या नंबर येईपर्यंत व्हरांड्यात येरझारा घालत राहिल्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फोटो कसा काढला? समोरून आणि बाजूनं?"

"हो."

"त्यात नाही दिसणार. तिरका काढावा लागतो." त्यांनी टेबलावरची कागद लावायची तार उचलली आणि एकाच जागी वाकवून सरळ केली, पुन्हा वाकवली. "मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक बारीक भाग असतो. मागे वाकलं की ताण तिथंच येतो. मोठ्या माणसाचं हाड पिकलेलं असतं. या वयात नसतं. रोज त्याच जागी वाकवत राहिलं तर एक दिवस चीर जाते. पडायला नको, मार लागायला नको."

तार तुटली नव्हती. डॉक्टरांनी ती तशीच खाली ठेवली.

"मुलीला एका पायावर उभी करा," ते म्हणाले, "आणि मागे वाकायला सांगा. मग दुसऱ्या पायावर. ज्या बाजूला कळ येईल ती बाजू मला सांगा. आणि तोवर तिला ओढू नका."

दुसऱ्या दिवशी यमुताई गोपिकेला लवकर बोलावून व्यायामशाळेच्या मागच्या अंगणात घेऊन गेल्या. उजव्या पायावर ती वाकली, काही झालं नाही. डाव्या पायावर उभी राहून मागे वाकली आणि एकदम तिच्या तोंडून आवाज निघाला, पाय भाजल्यावर निघतो तसा. ती लगेच सरळ झाली आणि हसायला लागली.

"पाय घसरला ताई."

"गोपिका."

हसणं थांबलं. मुलीनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "ताई, सांगू नका ना कोनाले. चाचणी झाल्यावर नेजा मले दवाखान्यात. जिथं न्यायचं तिथं नेजा. माझी सातवी झाली. निवड नाई झाली त बाबा मले गावाले घेऊन जातीन. तिथं पुढं शाळाच नाई. मी काय करू तिथं?"

यमुताईंनी तिला पाणी प्यायला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडून फक्त तोल सांभाळायचं काम करून घेतलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. ती संध्याकाळ त्यांना फार जड गेली. मनात एक हिशेब सारखा चालू होता. चाचणी जवळ आली आहे. जमिनीवरचा खेळ दीड मिनिटाचा. दीड मिनिटात असं काय होणार आहे? मग दुसरं मन म्हणायचं, हेच तू रोज म्हणत आली आहेस. आजच्या दिवसानं काय होणार आहे?

सकाळी त्या गोपिकेला आणि प्रयागबाईंना घेऊन धंतोलीला गेल्या.

तिरक्या फोटोत एका मणक्याच्या डाव्या बाजूला, केस पडलेला असावा तशी बारीक काळी रेघ होती. डॉक्टरांनी पेन्सिलीच्या टोकानं ती दाखवली.

"सगळा खेळ बंद. तीन महिने तरी. पट्टा घालायचा, झोपताना सोडून. वय लहान आहे, भरून यायची आशा आहे. नाही ऐकलं तर दुसऱ्या बाजूलाही चीर जाईल आणि मणका पुढे सरकायला लागेल. मग खेळाचं सोडा, उठण्या-बसण्याचे वांधे होतील."

"चाचणी तेवढी..." गोपिका म्हणाली.

"नाही."

प्रयागबाई रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "मी आत्या आहो, माय नाई. तिच्या बाबाले बोलावतो."

वामनरावांनी नवा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एवढीशी रेघ," ते म्हणाले. "हे बघा यमुताई, मी काही कसाई नाही. पण मुलगी आता निवडली गेली नाही तर ती पुढच्या वर्षी नागपुरातच नसेल. मग तिचा मणका चांगला राहून तिनं काय करायचं? दीड मिनिट खेळू द्या. नंतर तीन महिने झोपवा म्हणतात तर सहा महिने झोपवू."

"त्या दीड मिनिटात तीन कमानी आहेत."

"रोज किती करते? तेव्हा तुम्हीच उभ्या असता ना तिथं?"

हे खरं होतं, म्हणून यमुताईंना रागावताही येईना. "मी तिला चाचणीला आणणार नाही," एवढं बोलून त्या बाहेर पडल्या. आणणार नाही म्हटल्यानं मुलगी येणार नाही असं थोडंच होतं! वामनराव स्वतः तिला आणू शकत होते, आणि ते आणणार हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

गोपिकेचे वडील ताराचंद दुसऱ्या दिवशी एसटीनं आले. उंच, सडसडीत, उन्हानं रापलेला माणूस. प्रयागबाईंच्या घरी ते पाटावर बसले आणि यमुताई समोर खुर्चीवर. गोपिका दाराच्या आड उभी होती. तिची सावली फरशीवर हलत होती.

यमुताईंनी रेघेचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं. ताराचंद मान न हलवता ऐकत होते.

"तुमीच वाकवली ना हिले?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मले वामनराव भेटले सकाळी. ते म्हणते, पोरगी निवडली गेली त पुण्यात राहणं, शाळा, सारं होईन. माझ्या सात पिढ्यात कोनी पुण्याले गेलं नाई, बाई. अन् आता तुमी म्हणता थांबवा."

"मी चुकले. मला कळत नव्हतं. आता कळलं आहे."

"मले तर तेव्हाबी कळत नव्हतं अन् आताबी नाई कळून राहिलं." ताराचंद दाराकडे वळले. "गोपे, तुले काय वाटते?"

सावली आत आली. "मले खेळाचं हाय, बाबा."

ताराचंदांनी हात पसरले. झालं. यमुताई उठल्या.

चाचणी एका शाळेच्या सभागृहात होती. वरचे पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. अमरावतीच्या, अकोल्याच्या, यवतमाळच्या मुली रांगेत बसल्या होत्या. पुढच्या टेबलाशी तीन परीक्षक. मधल्या बाई केस घट्ट बांधलेल्या, करड्या. गोपिका निळ्या पोशाखात उत्तराच्या शेजारी होती आणि उभीच होती. ताराचंद मागच्या बाकावर धुतलेल्या धोतरात बसले होते, अगदी ताठ, लग्नात नवऱ्या मुलीचा बाप बसतो तसे.

यमुताई दाराशी आल्या तेव्हा उत्तराचा खेळ चालू होता. त्या काही ठरवून आल्या नव्हत्या. घरी राहवलं नाही म्हणून त्या आल्या होत्या. येताना वाटेत दोनदा परत फिरल्या होत्या. वामनरावांनी त्यांना पाहिलं आणि मान हलवून शेजारची खुर्ची दाखवली, बरं झालं आलात म्हणून. त्या बसल्या नाहीत.

गोपिकेचं नाव पुकारलं. ती गादीवर गेली, हात वर केले, परीक्षकांना सलाम केला. हात वर करताना डावा खांदा किंचित आखडला. सभागृहात ते दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल.

यमुताई चपला पायात तशाच ठेवून गादीवर गेल्या. काथ्याच्या त्या गादीवर त्यांचं पाऊल रुतलं. त्यांनी गोपिकेचा हात धरला.

"चल."

"सोडा मले!"

"चल बाहेर."

"सोडा!" गोपिकेनं हाताला हिसका दिला, मग मुठीनं त्यांच्या दंडावर मारलं, एकदा, पुन्हा. सभागृहात एकदम कुजबुज झाली. करड्या केसांच्या बाई उठून उभ्या राहिल्या.

"काय चाललं आहे? कोण आपण?"

"मी हिची कोच," यमुताई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. "हिच्या मणक्याला चीर आहे. फोटो आहे माझ्याकडे. ही खेळणार नाही."

हे सगळ्यांसमोर बोलल्यावर परीक्षकांना दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. बाईंनी वामनरावांकडे पाहिलं. वामनराव जमिनीकडे पाहत होते. पुढचं नाव पुकारलं गेलं.

गोपिका सभागृहामागच्या कडुनिंबाखाली सापडली. रडत नव्हती. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभी होती.

"तुमीच मोडलं," ती म्हणाली, "अन् तुमीच थांबवलं. मंग आता मी काय करू?"

तेवढ्यात ताराचंद आले आणि त्यांनी मुलीच्या डोक्यावर आपला गमछा टाकला. उन्हासाठी. मग तिला घेऊन गेले. जाताना त्यांनी यमुताईंकडे पाहिलं नाही.

उत्तराची निवड झाली नाही, थोडक्यात हुकली. वामनरावांनी दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेची किल्ली मागून घेतली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "तुम्ही बरोबरच असाल," म्हणाले, "पण मला इथं पुन्हा तुमच्याबरोबर उभं राहता येणार नाही."

मे महिना यमुताईंनी कसा काढला ते त्यांच्या घरच्यांनाच माहीत. सकाळी सवयीनं जाग यायची आणि जायला कुठं नसायचं. रविवारी त्या काटोलची एसटी धरायच्या, तिथून पुढच्या गाडीनं खेड्यात. पहिल्या वेळी गोपिका खाटेवर पडली होती, कातडी आणि पोलादी पट्ट्यांचा तो पट्टा छातीपासून कमरेपर्यंत, घामानं खालची कातडी लाल झालेली. ताईंना पाहून तिनं भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी यमुताईंनी पावडर आणि मऊ मलमलीची दोन बनियनं नेली, पट्ट्याखाली घालायला. गोपिकेनं ती घातली, पण बोलली नाही. तिची आई चहा करायची आणि म्हणायची, "येत जा बाई. बोलत नाई, पण गाडीच्या वेळेले दाराकडे पाहते."

जूनमध्ये डॉक्टरांनी तपासायला बोलावलं म्हणून ताराचंद तिला नागपूरला घेऊन आले. प्रयागबाईंच्या घरी जेवणं झाली आणि ते परतीच्या गाडीसाठी उठले, तेव्हा प्रयागबाई दारात उभ्या राहिल्या.

"पोरगी राहीन इथं."

"काहून? आता कुठं खेळणं हाय?"

"खेळासाठी नाई. आठवीत जाईन ती. मी काय हिले खेळासाठी ठेवलं होतं काय? तुमाले पुण्याची हवा लागली म्हणून माझ्या घराची हवा खराब नाई झाली." आणि भावानं तोंड उघडायच्या आत त्यांनी त्याच्या हातातली मुलीची पिशवी काढून घेतली.

अशी गोपिका आठवीत आली. फ्रॉकच्या आत पट्टा, वर्गात ताठ. पीटीच्या तासाला ती झाडाखाली बसून राही. यमुताईंशी हो-नाही एवढंच. त्यांनीही कधी जवळीक दाखवली नाही. शाळेच्याच मैदानावर त्यांनी आता काही मुलींना घेऊन सुरुवात केली होती. डॉक्टर खानझोड्यांकडे त्या वरचेवर जाऊन विचारत. पोटाचे स्नायू आधी, खांदे आणि मांडीचे सांधे मोकळे करणं आधी, पाठ सगळ्यात शेवटी आणि ती मुलीनं स्वतः वाकवायची, वरून कुणी ओढायचं नाही. मुलींना ते कंटाळवाणं वाटे. काही सोडून गेल्या.

दिवाळीच्या आधी एका दुपारी गोपिका शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मनगट धरून तिनं उत्तराला ओढत आणलं होतं. उत्तराचे डोळे लाल होते. ती अजून वामनरावांच्याच व्यायामशाळेत होती, नव्या कोचकडे.

"ताई, हिले पाहा," गोपिका म्हणाली. इतक्या महिन्यांत तिनं स्वतःहून बोललेलं हे पहिलंच वाक्य. "मी हिले एका पायावर उभी करून मागं वाकवली. कळ येते म्हणते."

"थोडीशीच येते," उत्तरा म्हणाली. "वामनकाकांना सांगू नका ना. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे."

"मीबी असंच म्हणत होतो," गोपिकेनं तिचं मनगट सोडलं नाही.

त्या तिघी धंतोलीला गेल्या. उत्तराची आई मागून धापा टाकत आली. फोटो काढले, सरळ आणि दोन्हीकडून तिरके. ते ओले फोटो सुकेपर्यंत यमुताई आणि गोपिका व्हरांड्यात थांबल्या. गोपिका या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती आणि तिच्या पट्ट्याचा चामडी कर्रकर्र आवाज येत होता. मग आतून डॉक्टरांनी बोलावलं.

"हिचं हाड शाबूत आहे," ते म्हणाले. "स्नायूंवर ताण आहे एवढंच. महिनाभर मागे वाकायचं नाही, पोट बळकट करायचं. वेळेवर आणलीत." मग गोपिकेकडे वळले. "तुझाही फोटो घेऊ आज."

गोपिकेची रेघ बरीचशी पुसट झाली होती. पट्टा जानेवारीत काढू, डॉक्टर म्हणाले. पळ, पोह, सायकल चालव. "पण मागे कमान नाही. ती आता आयुष्यभर सोडून दे."

उत्तरा आईच्या गळ्यात पडून हसत बाहेर गेली. गोपिका पायऱ्यांपर्यंत चालत आली. "बरं झालं," ती म्हणाली. "हिचं काहीच मोडलं नाई." आणि मग पायरीवरच तिचं तोंड वेडंवाकडं झालं. चाचणीच्या दिवशी, खेड्यातल्या खाटेवर, कधीच न आलेलं रडू तिला आता आलं. मोठ्यानं, नाक वाहत, येणाऱ्या-जाणाऱ्या पेशंटांसमोर. "मले काहून नाई कोनी वेळेवर आणलं? मले काहून नाई?"

यमुताई तिच्याशेजारी खालच्या पायरीवर बसल्या. तिला जवळ घेतलं. पट्टा मध्ये आला, तरी घेतलं. या वेळी तिनं हात झिडकारला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं फ्रॉकच्या टोकानं तोंड पुसलं. "वामनरावांले उत्तराचं कोन सांगन?"

"मी सांगते."

"तुमचं ऐकणार नाई ते. मी येतो."

संध्याकाळी त्या दोघी महालात गेल्या. आत सराव चालू होता, गाद्यांवर पाय आपटल्याचे आवाज येत होते. वामनराव दाराशी खुर्ची टाकून बसले होते. यमुताईंना पाहून त्यांच्या कपाळावर आठी आली, मग त्यांची नजर गोपिकेवर गेली. तिनं फ्रॉकचं वरचं बटण काढून पट्ट्याची कड दाखवली.

"उत्तरा महिनाभर मागं वाकणार नाई," ती म्हणाली. "डॉक्टरनं सांगितलं. तिचं हाड चांगलं हाय अजून."

वामनराव पट्ट्याकडे पाहत राहिले. चाचणीनंतर त्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. "खूप टोचतो काय गं?" त्यांनी विचारलं.

"आता सवय झाली."

ते उठले, आत गेले. नव्या कोचशी त्यांचं काही तरी बोलणं झालं, आवाज चढले, उतरले. परत आले तेव्हा म्हणाले, "सांगितलं आहे. स्पर्धेतून तिचं नाव काढलं." मग ते यमुताईंना म्हणाले, "बाकीच्या पोरींना त्या डॉक्टरांकडे केव्हा न्यायचं ते तुम्ही ठरवा. एकदम नको. चार-चार."

"उद्या चार नेते," यमुताई म्हणाल्या.

गोपिका आत डोकावून मुली मोजायला लागली होती.